जर्क, गचका, हादरा

आमच्या कोरेगावात गाडी जर्क मारते आणि माणसाला तो बसतो. ट्रॅक्टर चढाला जर्क खातो. एसटी जर्क देते, आणि दांड्याला धरून उभी असलेली बाई ‘आगं बया’ म्हणत पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळते. मारणं, खाणं, देणं, बसणं अशी चार क्रियापदं जोडून लोकांनी हा परका शब्द असा काही आपलासा केला आहे, की शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा तो बिनदिक्कत वापरते. हा शब्द कुठला, असं तिला विचारलं तर ती सांगेल, एसटीचा.

मला हे उत्तर आवडतं, कारण ते बरोबर आहे. शब्द विलायतेचा असेल, पण आमच्या तालुक्यात तो उतरला एसटीच्या पायरीवरून, रेल्वेच्या डब्यातून, ट्रॅक्टरच्या सीटवरून. आणि उतरला तिथंच राहिला. यंत्र आणि माणूस यांच्यामधल्या वीतभर जागेत त्यानं बिऱ्हाड केलं. तिथून तो उंबऱ्याच्या आत फारसा आला नाही. घरात वाईट बातमी आली तर कुणाला जर्क बसत नाही. भुई हलली तर तो जर्क नसतो. बैल उधळला आणि कासरा हातातून सुटला तरी त्याला कुणी जर्क म्हणत नाही. इतका सैल वापरला जाणारा शब्द काही जागी मात्र चुकूनही पाऊल टाकत नाही, याचं मला फार दिवस नवल वाटत आलं आहे.

साताऱ्याहून कोरेगाव वीसेक किलोमीटर. माहुलीला कृष्णा ओलांडायची, त्रिपुटीवरून पुढं यायचं. हाच रस्ता पुढं पुसेगाव, म्हसवड करत पंढरपूरकडे जातो, त्यामुळे त्याच्यावर वारकरी असतात, ऊस असतो, लग्नाची वऱ्हाडं असतात, आणि बाजारच्या दिवशी कोंबड्यांसकट माणसं. मागच्या चाकांच्याही मागं ज्या सीटा असतात त्यांच्यावर बसणारे लोक एकतर उशिरा आलेले असतात किंवा परगावचे. गाडीचा तो भाग चाकांच्या पलीकडे अधांतरी असतो. खड्डा चाकाला जेवढा लागतो त्याच्यापेक्षा जास्त तो तिथं बसलेल्याला लागतो. पुढच्या बाकावर डुलकी लागावी आणि मागच्या बाकावर डोकं छताला भेटावं, असा एकाच तिकिटात दोन प्रवासांचा प्रकार आहे. मागं बसलेले लोक मात्र एका जर्कनंतर एकमेकांशी बोलायला लागतात. आदळल्याशिवाय ओळख होत नाही, असं आमच्याकडच्या काही सोयरिकींचंही आहे.

दिवाळी झाली की ऊस सुरू होतो. चिमणगावच्या जरंडेश्वर कारखान्याकडे आणि इतर कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रांगेनं निघतात. टायरगाड्याही निघतात, बैलांच्या. रात्री त्या ट्रॅक्टरांवर मोठ्यानं गाणी लावलेली असतात, कारण चालवणाऱ्याला झोप येऊन चालत नाही. चढाच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबला आणि पुन्हा निघायचा झाला, की सगळी कारागिरी डाव्या पायात असते. क्लच जरा जोरात सुटला की ट्रॅक्टर पुढून उठतो. त्याला आमच्याकडे ‘तोंड उचलणं’ म्हणतात. मागं एवढा भार असतो की इंजिनाची ताकद गाडी पुढं ढकलण्याऐवजी तिचंच नाक वर करते. ट्रॅक्टर एकदा जर्क खातो, पहिली ट्रॉली तो घेते, मग तोच जर्क दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत जातो आणि शेवटच्या मोळीतला एखादा ऊस रस्त्यावर पडतो. तो उचलायला पोरं टपलेलीच असतात. ड्रायव्हर चांगला असला की त्या दिवशी पोरांना ऊस मिळत नाही.

रेल्वेत हेच जास्त मोठ्या मापात चालतं. पुणे-मिरज मार्गावर वाठार, पळशी, जरंडेश्वर, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर अशी स्टेशनं ओळीनं येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेला हा मार्ग आधी मीटरगेजचा होता, १९७० च्या सुमारास तो ब्रॉडगेज झाला. मालगाडी थांबलेली असते आणि निघते, तेव्हा ती एकदम निघत नाही. डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगांत थोडी ढील असते. इंजिन हलतं, पहिला डबा ताणला जातो, मग दुसरा, मग तिसरा. खट्, खट्, खट् असा आवाज गाडीभर मागं मागं धावत जातो आणि सगळ्यात शेवटी गार्डच्या डब्याशी येऊन थडकतो. इंजिनपाशी जे नुसतं हलणं असतं ते गार्डपर्यंत पोचेस्तोवर हिसका झालेला असतो. थंडीच्या रात्री, वारं तिकडून असलं की तो आवाज गावात ऐकू येतो. अंथरुणात पडल्या पडल्या मी तो शेवटच्या डब्यापर्यंत ऐकत राहतो. मधेच झोप लागली तर गाडी निघाली की नाही हे कळत नाही, याची चुटपुट लागते.

या मार्गावर आदर्कीचा घाट आहे. गाडी तिथं वळणं घेत चढते, खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं आणि डब्यातली लहान मुलं ओरडतात. घाटात एवढी वळणं, तरी आपण बाकावरून घसरत का नाही, याचं उत्तर रूळ टाकणाऱ्यांच्या गणितात आहे. वेग माणसाला कळत नाही. शंभरच्या वेगानं गाडी गुळगुळीत चालली असेल तर पेल्यातला चहा हलत नाही. वेग बदलायला लागला की कळतं, त्याला पदार्थविज्ञानात त्वरण म्हणतात. आणि ते त्वरणच एकाएकी बदललं तर? त्या बदलाच्या दरालाच शास्त्रज्ञांनी नाव दिलं जर्क. म्हणजे एसटीतल्या म्हातारीचा शब्द आणि गणितातला शब्द एकच आहे, आणि दोघांना म्हणायचंही तेच आहे. म्हणून सरळ रूळ कधी एकदम गोल होत नाही. मधे एक असा तुकडा असतो जो हळूहळू वाकत जातो. वळण येणार असल्याची खबर तो अंगाला आधी देऊन ठेवतो. तो तुकडा नसता तर प्रत्येक वळणावर डबाभर माणसं एका बाजूला गोळा झाली असती.

अलीकडे बऱ्याच गाड्यांना एलएचबी नावाचे नवे डबे आले. जुन्या डब्यांना दोन बाजूंना बफर असायचे, या डब्यांना मधोमध एकच कपलर. डबे सुरक्षित, वेगवान, दिसायला देखणे, पण गाडी निघताना आणि थांबताना झटके बसतात म्हणून प्रवाशांच्या तक्रारी आल्या आणि रेल्वेला कपलरमधली ती धक्के झेलणारी यंत्रणा बदलावी लागली. वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसानं अर्ध्या रात्री दिलेली शिवी आणि अभियंत्याचा अहवाल यांत मला फारसा फरक वाटत नाही. दोघंही एकाच गोष्टीची नोंद करत असतात.

यंत्र यायच्या आधी आमच्याकडे आदळाआपट नव्हती असं थोडंच आहे. बैलगाडी होती. लोखंडी धावेची गाडी माळाच्या वाटेनं निघाली की पोटातलं पाणी हलायचं. तिच्यात बसायचे ते गचके. गचका हा खालून येतो. चाक खाली जातं, आपण मागाहून जातो आणि दात दातांवर आपटतात. हिसका ओढीचा असतो, पुढून येतो. हिसडा त्याचा दांडगा भाऊ. दावं तोडून पळणारं खोंड देतं तो हिसडा. हेलकावा बाजूचा. आचका आतला, शेवटचा, त्याचं नाव लोक हळू आवाजात घेतात. दणका वरून. ठसका घशात. हबका पाण्याचा, तोंडावर मारायचा. झटका तर आता दवाखान्यातच जास्त ऐकू येतो. कुठून आला, किती वेळ राहिला, कुणाला लागला, हे सगळं त्या एकेका शब्दात आधीच ठरलेलं आहे. म्हणून ‘गचका बसला’ असं कुणी म्हटलं की पुढं ‘कुठं’ असं विचारावं लागत नाही. वाट वाईट होती एवढं कळतं.

जर्क या सगळ्यांच्या पंगतीत येऊन बसला तेव्हा त्याला जागा मिळाली याचं एक कारण त्याच्या आवाजातही असावं असं मला वाटतं. गचका, हिसका, झटका, दणका, धसका, सगळ्यांच्या शेवटी क आहे. जर्कच्याही. शॉकच्याही. क म्हणताना घसा क्षणभर बंद होतो आणि सुटतो. उच्चारातच एक छोटी आदळ आहे. हे व्याकरणकारांना पटेल का माहीत नाही, कानाला पटतं.

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. मधली काही वर्षं शर्यतींवर बंदी होती. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात ती कायम केली. झेंडा पडतो, बैल उसळतात, आणि त्या पोकळ चौकटीसारख्या गाडीवर उभ्या माणसाला जे बसतं ते कुठल्याही एसटीच्या जर्कपेक्षा दसपट असेल. पण माळावर, त्या धुळीत, त्या गर्दीत कान देऊन ऐकावं. त्याला कुणी जर्क म्हणत नाही. ‘काय हिसडा दिला बैलानं!’ असंच म्हणतात. पाठीमागं कुणाचा तरी टेम्पो उभा असतो, तो सुरू होताना जर्क मारतो, आणि त्याच माणसांच्या तोंडी लगेच जर्क येतो. एकाच दमात दोन शब्द, आणि दोन्ही आपापल्या जागी.

आणि गाडी सुरूच होत नसेल तर? मग धक्का. ‘चला, उतरा, धक्का मारा.’ एसटीला धक्का मारल्याशिवाय ज्याचं बालपण गेलं तो आमच्या भागातला नव्हे. ‘दे धक्का’ नावाचा सिनेमा २००८ साली आला आणि चालला, कारण ती घोषणा प्रत्येकानं कधी ना कधी दिलेली होती. पण त्या धक्क्याची रचना बघण्यासारखी आहे. मागून पाच-सहा जण जोर लावतात. ड्रायव्हरनं दुसरा गियर टाकून क्लच दाबून धरलेला असतो. गाडी थोडी पळाली की तो क्लच सोडतो, गाडी एक जर्क मारते, आणि इंजिन धरतं. धक्का बाहेरून, माणसांचा. जर्क आतून, यंत्राचा. दोन्ही मिळून गाडी चालू होते आणि धक्का मारणाऱ्यांना मागं टाकून पुढं निघून जाते. थांबते ती उताराला. (मुंबईला गेलेल्या आमच्या माथाडी मंडळींना धक्का म्हटलं की बोटी लागायची जागा आठवते, भाऊचा धक्का. तो धक्का कुणाला बसत नाही, त्याच्यावरच लोक बसतात. पण ते वेगळं.)

माणूस स्वतः जर्क मारतो अशी एकच जागा मला ठाऊक आहे आणि ती सांगलीच्या बाजूला आहे. वजन उचलणाऱ्यांच्या व्यायामशाळांत. तिथल्या दुसऱ्या प्रकाराचं नावच क्लीन अँड जर्क. आधी जमिनीवरचं वजन खांद्यापर्यंत आणायचं. मग गुडघे किंचित वाकवायचे, आणि सगळ्या अंगानं एकदम उसळी घेऊन वजन वर फेकायचं, ते हवेत हलकं झालेलं असतानाच त्याच्याखाली शिरायचं, एक पाय पुढं एक मागं टाकून. तो उसळीचा क्षण म्हणजे जर्क. इथं तो चुकून बसत नाही, वर्षानुवर्षं घोटून आणावा लागतो. संकेत सरगर हा सांगलीचा मुलगा, वडिलांची पानाची टपरी आणि चहाचं दुकान. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात त्यानं पहिल्या प्रकारात, स्नॅचमध्ये, ११३ किलो उचलले. जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५. एकूण २४८. मग १३९ चा प्रयत्न करताना त्याचं कोपर दुखावलं. तरी तो तिसऱ्यांदा उभा राहिला. मलेशियाच्या अनिक कसदाननं एकूण २४९ उचलले. एका किलोनं सुवर्ण गेलं, त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक मात्र सांगलीत आलं, रुपेरी. हात झोळीत घातलेला तो मुलगा पदक घ्यायला उभा राहिलेला टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. त्या दुसऱ्या प्रयत्नाच्या क्षणी बघणाऱ्यांच्या पोटात जे झालं त्याला आमच्याकडे धस्स होणं म्हणतात. वजन वर जाईपर्यंत जर्क होता. कोपर वळलं आणि तो शब्द गळून पडला.

आता त्या शब्दाकडे येतो जो इकडं सगळ्यात जड आहे.

कोरेगाव ते कोयनानगर हवेतून मोजलं तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर असेल. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. माझी आजी तेव्हाचं सांगताना भूकंप म्हणत नसे. भुई हालली, म्हणायची. आणि मग थोडं थांबून, हादरा बसला. आधी कुत्री ओरडली, मग फळीवरची भांडी आपोआप वाजली, मग माळवदाची माती अंथरुणावर गळायला लागली, असा तिचा क्रम ठरलेला होता. तो कधी बदलला नाही. पोरांना काखोटीला मारून माणसं बाहेर आली आणि मार्गशीर्षातल्या त्या थंडीत रस्त्यावर उभी राहिली. पुढं कित्येक रात्री लोक घरात झोपलेच नाहीत. खळ्यावर, ओट्यावर, गाडीखाली झोपले. पाटणच्या बाजूला तर काय अवस्था होती ते इकडं दोन दिवसांनी कळायला लागलं. कोयनानगर आणि भोवतालच्या गावांत पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली, घरं तर हजारोंनी पडली. कोयनेच्या धरणाला भेगा गेल्या, पण धरण उभं राहिलं.

शास्त्रज्ञांसाठी तो हादरा निराळाच ठरला. दख्खनचा पठारी प्रदेश स्थिर, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी तेव्हाची समजूत होती आणि धरणाच्या रचनेत भूकंपाचा जोर त्या हिशेबानं, ०.०५ जी एवढाच, धरलेला होता. त्या पहाटे धरणातल्या यंत्रानं नोंदवलेलं त्वरण ०.६३ जी होतं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साठ टक्क्यांहून जास्त. त्या काही सेकंदांच्या नोंदीवर जगभरच्या धरण अभियंत्यांनी पुढं वर्षानुवर्षं काम केलं. धरणाचा शिवसागर जलाशय भरायला लागला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तेव्हापासूनच जमिनीखाली गुरगुर सुरू झाली होती. १९६७ च्याच सप्टेंबरात एक मोठा धक्का येऊनही गेला होता. साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होतात याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात. पुढं १९८५ मध्ये दक्षिणेकडे वारणेचं धरण भरायला लागलं आणि भूकंपांचे केंद्रबिंदूही तिकडे पसरले. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा आहे आणि गोठणे इथं जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाचा अभ्यास चालला आहे. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तीन किलोमीटर भुईत जाऊन बघण्यापरीस मला विचारायचं होतं.

तिला खरंच विचारायला हवं होतं, कारण हादऱ्याच्या पुढचा शब्द तिच्याकडे होता. धसका. धक्का एका क्षणाचा असतो, हादरा काही सेकंदांचा. धसका वर्षांचा. तो एकदा घेतला की घेतला, परत देता येत नाही. मालमोटार रस्त्यानं जरा जोरात गेली आणि खिडकीची तावदानं थरथरली, की आजी हातातलं काम टाकून उठायची. दाराच्या चौकटीत उभी राहायची. तोंडातून शब्द नाही. ट्रक गेला, हे कळल्यावर परत चुलीपाशी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका परत अंगणात झोपायला लागल्या. सव्वीस वर्षांपूर्वीचा हादरा संपला होता, धसका नव्हता. इंग्रजीत भूकंपालाही शॉक, बातमीलाही शॉक, विजेलाही शॉक. एवढ्या एका शब्दावर त्या लोकांचं भागतं. आजीचं भागलं नसतं.

अजूनही कोयनेचे बारीकसारीक धक्के चालूच असतात. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. सौम्य धक्का, तीव्रता अमुक, जीवितहानी नाही. चार ओळी वाचून लोक पान उलटतात. पण नवीन घर बांधताना गवंड्याला जे एक वाक्य ऐकवलं जातं, ते तसंच आहे: कॉलम दणकट घ्या, इथं भुई हालती.

शॉकचं मात्र जरा वेगळं झालं. आमच्याकडे त्याचा उच्चार होतो शाक. ‘मोटारीच्या पेटीला हात लावू नको, शाक बसंल.’ शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की विहिरीवर जाऊन अंधारात स्टार्टरचं बटण दाबायचं, पाय ओले, खाली चिखल. दरवर्षी पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव पेपरात येतं, विजेच्या धक्क्यानं शेतकऱ्याचा मृत्यू. जर्क सीटमधून येतो, हॅंडलमधून येतो. आपल्या आणि त्याच्यामध्ये काहीतरी असतं. शॉकच्या मध्ये काहीच नसतं. तो सरळ अंगात शिरतो. त्यामुळेच असेल, तो शब्द जर्कसारखा बाहेर थांबला नाही, मनातही शिरला. कॉलेजातली मुलगी निकाल बघून ‘मला शॉकच बसला’ म्हणते, आणि तिच्या आईला त्यात वावगं वाटत नाही. आजीला वाटलं असतं. तिच्या हिशेबात शाक बसलेला माणूस निकाल बघायला उरत नाही.

आणि हादरा नि शॉक हे दोन्ही एकाच तळ्याचं देणं आहे हेही विसरता येत नाही. कोयनेच्या वीजनिर्मितीची क्षमता जवळजवळ दोन हजार मेगावॉट. तिला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात. त्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मुंबईपर्यंत कारखान्यांची वीज गेली होती. आमच्या विहिरीवरच्या पेटीतला शॉक आणि फळीवरची भांडी वाजवणारा हादरा, दोन्हींचा उगम शिवसागरात सांगता येतो. सह्याद्रीच्या कुशीत पाणी अडवलं, त्यानं दिवा दिला आणि धसकाही दिला. पुणे-मिरज मार्गावर धावणाऱ्या एका गाडीला त्याच नदीचं नाव आहे, कोयना एक्सप्रेस. ती आदर्कीच्या घाटातून जाताना जर्क देते तेव्हा खिडकीतले लोक हसतात.

शॉकचं एक घरंदाज रूप गॅरेजात आहे. गाडीचे धक्के झेलणाऱ्या त्या स्प्रिंगच्या नळकांड्याला कोरेगावात शॉकअप म्हणतात. त्याचं मूळचं लांबलचक इंग्रजी नाव कुणी अर्ध्यात तोडलं आणि कधी, हे सांगता येत नाही, पण ‘शॉकअप गेलं’ म्हटलं की सुटा भाग देणारा दुकानदारही तेच काढून ठेवतो. मेकॅनिक लोक या बाबतीत पंडितांपेक्षा काटेकोर असतात. शॉकअप गेलं की गाडी गचके देते. जर्क मारत नाही. गचके खालून, जर्क पुढूनमागून. हा फरक त्यांना कुणी शिकवलेला नाही, आणि तो चुकला तर चुकीचा भाग खोलला जातो.

गाडी घेऊन गेलात आणि ‘जर्क मारतीय’ असं सांगितलंत, तर स्टुलावर बसलेला पोरगा हातातला पाना खाली ठेवत नाही. तो विचारतो, ‘कवा मारतीया?’ इथून खरी परीक्षा सुरू होते. चढाला मारत असेल तर पेट्रोल पुरत नाही, फिल्टर चोकलाय. क्लच सोडताना मारत असेल तर क्लचप्लेट. निघताना आधी खट्ट वाजून मग मारत असेल तर चेन ढिली. पाऊस पडून गेल्यावरच मारत असेल तर प्लगच्या टोपीत पाणी. रिझर्व्हला लावल्यावर मारत असेल तर टाकीच्या तळाला गाळ. शब्द एकच, पण त्याच्या मागंपुढं काय होतं यावर त्याचा अर्थ, आणि बिल, दोन्ही ठरतं. नुसतं ‘मारतीय’ म्हणून गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकाला तो एक फेरी मारून यायला सांगतो.

तेव्हा पंढरपूरला जाताना, किंवा जरंडेश्वरच्या मारुतीला येताना, आमच्या गावापाशी तुमची गाडी जर्क मारायला लागली तर घाबरू नका, गॅरेजं भरपूर आहेत. फक्त ती चढाला मारते की सपाटीला, आणि क्लच दाबल्यावर थांबते की नाही, एवढं बघून ठेवा. पहिला प्रश्न तोच येणार आहे.